अंदाज देशाचा, विचारणा चारशेंची!

२७ ऑगस्ट २०२५ हा दिवस रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीच्या दोन कारणांनी लक्षात राहावा असा होता. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. पेण, हमरापूर, जोहे येथील कारखान्यांतून निघालेल्या मूर्ती महाराष्ट्रभर घरोघरी स्थानापन्न झाल्या होत्या. आणि नेमक्या त्याच दिवशी अमेरिकेने भारतीय मालावर लादलेला पन्नास टक्के आयात कर लागू झाला. उरण तालुक्यातील न्हावाशेवा बंदरातून अमेरिकेकडे माल धाडणाऱ्या निर्यातदारांपुढे मोठेच प्रश्नचिन्ह उभे राहिले. यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, १ सप्टेंबरला, देशातील निर्मिती उद्योगाचा 'पर्चेसिंग मॅनेजर्स इंडेक्स', म्हणजेच 'पीएमआय', जाहीर झाला. आकडा होता ५९.३. गेल्या सतरा वर्षांतील उच्चांक! झाले, विद्वानांना दिवसभराचा विषय मिळाला.

आकडा खोटा होता असे आमचे म्हणणे नाही. ज्यांना विचारले त्यांनी जे सांगितले, तेच त्या आकड्यात उतरले होते. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या एका आकड्याच्या आधारे 'देशाचे उद्योगक्षेत्र' पुढील दोन-तीन महिन्यांत कोणत्या दिशेने जाणार याची भाकिते केली जातात, तो आकडा काढताना विचारले कोणाला? आणि ज्यांना विचारले नाही त्यांच्या नावाने बोलण्याचा अधिकार या भाकितकारांना कोणी दिला?

प्रथम ही पद्धत समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यावर टीका करणारे बहुतेक जण ती समजून न घेताच टीका करतात. दर महिन्याला सुमारे चारशे कारखान्यांच्या खरेदी व्यवस्थापकांकडे एक प्रश्नावली जाते. नव्या मागण्या गेल्या महिन्यापेक्षा वाढल्या, तेवढ्याच राहिल्या की घटल्या? उत्पादनाचे काय? माणसे वाढवली की कमी केली? पुरवठादार माल वेळेवर देत आहेत का? कच्च्या मालाचा साठा किती? किती रुपयांचा धंदा झाला, असे कोणी विचारत नाही. उत्तर तीनपैकी एकच द्यायचे असते. शंभरांपैकी ४० जण 'वाढले' म्हणाले, ३५ जण 'तेवढेच' आणि २५ जण 'घटले' म्हणाले, तर ४० मध्ये ३५ चे निम्मे मिळवायचे. आकडा येतो ५७.५. पाच प्रश्नांचे असे पाच आकडे ठरावीक प्रमाणात एकत्र केले की निर्देशांक तयार! पन्नासच्या वर गेला तर विस्तार, पन्नासच्या खाली आला तर आकुंचन. आपली रिझर्व्ह बँक १९९८ पासून दर तिमाहीस जी औद्योगिक पाहणी करते, तिची पद्धतही याच जातकुळीची आहे. तेथे 'बरे' म्हणणाऱ्यांतून 'वाईट' म्हणणारे वजा करतात, एवढाच काय तो फरक.

गावाकडच्या वाचकाला हा पन्नासचा आकडा परका वाटू नये. महसूल खात्याची पैसेवारी त्याच्या परिचयाची आहे. तेथेही पन्नास हीच सीमारेषा असते आणि पन्नास पैशांच्या आत पीक आले की टंचाईची चर्चा सुरू होते. मात्र पैसेवारीतील पन्नास म्हणजे निम्मे पीक, तर पीएमआयमधील पन्नास म्हणजे 'जैसे थे'. पैसेवारी खोली मोजते आणि पीएमआय रुंदी मोजतो. बदल किती जणांपर्यंत पोहोचला एवढेच तो सांगतो, बदल केवढा झाला हे सांगत नाही. हा भेद ध्यानात न घेता जे पंडित ५९ हा आकडा ५५ पेक्षा 'इतक्या टक्क्यांनी चांगला' असे सांगतात, त्यांच्या पांडित्याविषयी अधिक काय बोलावे! आणखी एक भेद आहे, आणि तो आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. पैसेवारी गावोगाव ठरते. गावाची समिती बसते, तलाठी असतो, सरपंच असतो, शेतकरी असतात, पीक कापणीचे प्रयोग होतात. तिच्यात दोष शेकडो असतील, परंतु ती पोलादपूरच्या डोंगरातील खेड्यापर्यंत पोहोचते. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली महसुली पद्धत जेथवर जाते, तेथवर एकविसाव्या शतकाचे अर्थशास्त्र जाऊ शकत नाही, ही काय भूषणाची गोष्ट आहे?

पद्धतीचे श्रेय मात्र पद्धतीला दिलेच पाहिजे. एप्रिल २०२० आठवा. टाळेबंदीने सारे ठप्प होते. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने त्या महिन्याच्या औद्योगिक उत्पादनाची आदल्या वर्षाशी तुलना करणेच टाळले, कारण असंख्य कारखान्यांनी 'शून्य उत्पादन' कळवले होते. पीएमआयने मात्र मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात सांगून टाकले की निर्मिती क्षेत्राचा आकडा २७.४ आणि सेवा क्षेत्राचा तर अवघा ५.४ आहे. त्या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन २३.९ टक्क्यांनी घसरले, हा सरकारचा पहिला अंदाज प्रसिद्ध व्हायला ३१ ऑगस्ट उजाडावा लागला. धंदा करणाऱ्याला थेट विचारले की हिशेबाची पुस्तके मिटण्याआधी उत्तर मिळते, हे याहून अधिक स्पष्टपणे कधी सिद्ध झाले नसेल. म्युनिकच्या 'इफो' संस्थेने १९४९ पासून नेमके हेच केले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीत विश्वासार्ह आकडेवारी नव्हती, तेव्हा उद्योजकांना दरमहा प्रश्न विचारून तिने अर्थव्यवस्थेची नाडी पाहिली. आज ती सुमारे नऊ हजार उद्योगांना विचारते. आपल्याकडे चारशे!

आता त्याच २०२० सालातील पुढचा महिना पाहू. ३ जून रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यात काय झाले ते ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला बाजारात मान आहे, परंतु सुपारीचे झाड लावल्यापासून भरघोस उत्पन्न देईपर्यंत पाच-सात वर्षे तरी जातात. एका दुपारी वाडीवाल्याची ती सारी वर्षे गेली. घरांची कौले गेली, बोटी फुटल्या, कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. आणि त्या जून महिन्याचा पीएमआय? मे मधील ३०.८ वरून ४७.२ वर! 'अर्थव्यवस्था सावरते आहे' असे मथळे सजले. ऑगस्टमध्ये आकडा ५२ झाला आणि 'विस्तार' जाहीर झाला. त्या ऑगस्टमध्ये देशाचे औद्योगिक उत्पादन आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा कमीच होते. पीएमआय खोटे बोलत नव्हता. तो फक्त जुलैशी तुलना करीत होता. तळाला गेलेला माणूस एक पायरी चढला तरी 'चढला' असेच म्हणावे लागते. परंतु श्रीवर्धनचा वाडीवाला एकही पायरी चढला नव्हता आणि त्याला कोणी विचारलेही नव्हते.

येथे कोणी म्हणेल की देशाच्या मोजणीत एका तालुक्याच्या वाड्यांचे काय वजन! या आक्षेपाचा आम्ही पुढे समाचार घेऊच. आधी या पाहण्यांचे जाळे किनाऱ्यावर कोठवर पसरले आहे ते तपासू. पीएमआयचे चारशे कारखाने उद्योगप्रकार आणि कामगारसंख्या पाहून निवडतात. त्यांत डोलवीच्या पोलाद प्रकल्पाच्या, थळच्या खत कारखान्याच्या तोलाची नावे शोभतील. हमरापूरचा, वर्षातील आठ महिने घरच्या माणसांसह राबणारा मूर्तिकार शोभणार नाही, कारण त्याच्याकडे 'खरेदी व्यवस्थापक' नावाचा प्राणीच नाही. रिझर्व्ह बँकेची पाहणी खासगी निर्मिती कंपन्यांची आहे. दिल्लीची एनसीएईआर ही आपली स्वदेशी संस्था १९९१ पासून दर तिमाहीस उद्योगांच्या अपेक्षांची पाहणी करते आणि त्याबद्दल तिचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु तिची पाहणी सहा महानगरांची असून पश्चिम भारताच्या वतीने त्यात मुंबई आणि पुणे बोलतात. रायगड जिल्हा नेमका या दोहोंच्या मध्ये पहुडला आहे! मुंबईहून पुण्याला जाताना तो मोटारीच्या काचेतून दिसतो, प्रश्नावलीतून मात्र दिसत नाही.

सरकारची असंघटित उद्योगांची वार्षिक पाहणी आहे ना, असे सांगितले जाईल. आहे, आणि ती मोलाची आहे. २०२३-२४ च्या त्या पाहणीनुसार देशात असे ७ कोटी ३४ लाख व्यवसाय असून त्यांत १२ कोटींहून अधिक माणसे काम करतात. चारशेंच्या शेजारी हा आकडा मांडून पाहावा! २०२५ पासून तिची त्रैमासिक पत्रिकाही निघू लागली. पण तीही किती जण काम करतात, किती व्यवसाय चालू आहेत हे मोजते. पुढच्या तिमाहीत काय होईल असे वाटते, हे ती विचारत नाही. शिवाय निर्मिती, व्यापार आणि अन्य सेवा एवढाच तिचा आवाका आहे. मासेमारी शेतीच्या वर्गात मोडते, म्हणून ती तेथून बाहेर! नाबार्डने २०२४ पासून दर दोन महिन्यांनी ग्रामीण कुटुंबांची मनःस्थिती जाणून घेण्यास सुरुवात केली, ते स्वागतार्ह आहे. पण ती कुटुंबांची पाहणी आहे. नाखव्याला कुटुंबप्रमुख म्हणून विचारणे वेगळे आणि दहा-बारा खलाशांना पोसणाऱ्या बोटीचा मालक म्हणून विचारणे वेगळे. अशा रीतीने करंजा, रेवस, राजपुरी, जीवना, भरडखोल येथील बंदरांवर चालणारा व्यवसाय एका पाहणीत 'शेती' म्हणून वगळला जातो, दुसऱ्या पाहणीत 'कंपनी नाही' म्हणून वगळला जातो आणि तिसऱ्या पाहणीत 'कुटुंब' म्हणून विरघळून जातो.

याहून मूलभूत गोष्ट पंचांगाची आहे. या साऱ्या निर्देशांकांवर 'हंगामी समायोजन' नावाचा संस्कार होतो. दरवर्षी अमुक महिन्यात धंदा वाढतोच, तेव्हा तेवढी वाढ वजा करून उरलेला खरा बदल पाहायचा, अशी त्यामागील कल्पना. कल्पना शास्त्रशुद्ध आहे. परंतु ती इंग्रजी महिन्यांवर चालते, आणि आमच्या किनाऱ्याचा धंदा तिथीवर चालतो. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता. २०२४ मध्ये ती ७ सप्टेंबरला आली आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती पुन्हा १४ सप्टेंबरवर जाते. म्हणजे पेणच्या कारखान्यांतून मूर्ती बाहेर पडण्याचा, पैसे हाती येण्याचा आणि कामगारांचे हिशेब चुकते होण्याचा काळ एका वर्षी ऑगस्टच्या खात्यात जातो, तर दुसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या. 'गतवर्षीच्या ऑगस्टशी तुलना' करणारा संगणक यातून कधी तेजी काढील, कधी मंदी, आणि प्रत्यक्षात पेणमध्ये काहीच बदललेले नसेल! पाश्चात्त्यांचा ईस्टरही सरकता सण आहे आणि त्याचा हिशेब ठेवण्याच्या रीती त्यांनी केव्हाच बसवल्या. आपल्या संख्याशास्त्रज्ञांनी दिवाळीसाठी तशा रीती वापरल्या आहेत. पण समायोजन करायला आधी हाती आकड्यांची मालिका तर हवी. पेणची अशी मालिकाच कोणी जमवली नाही, तर समायोजन कशाचे करणार?

कोळीवाड्यात तर एकाच किनाऱ्यावर दोन पंचांगे चालतात. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. ही तारीख सरकारी. परंपरेने दर्या मोकळा होतो तो नारळी पौर्णिमेला. २०२५ मध्ये ती ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आली, म्हणजे सरकारी मुहूर्तानंतर आठवडाभरात. २०२३ मध्ये मात्र ती ३० ऑगस्टला होती. काही नाखवे १ ऑगस्टलाच निघतात, काही जण सागराला नारळ अर्पण केल्याखेरीज बोट पाण्यात लोटत नाहीत आणि उरलेल्यांचा निर्णय वाऱ्यावर असतो. बोट निघणार असेल तर बर्फ लागतो, डिझेल लागते, जाळी सांधावी लागतात, खलाशांना उचल द्यावी लागते, शिधा भरावा लागतो. म्हणजे बोट निघण्याच्या आधी पंधरा दिवस गावात पैसा फिरू लागतो. अल्पकालीन अंदाज ज्याला म्हणतात, त्याची इतकी स्वच्छ पूर्वखूण दलाल स्ट्रीटच्या कोणत्या आलेखात आहे? बर्फाच्या कारखान्याकडे जुलैच्या अखेरीस किती लाद्यांची मागणी नोंदली गेली आणि मच्छीमार सोसायटीच्या पंपावर किती डिझेलची विचारणा झाली, हे दोन आकडे कोणी जमवले तर ऑगस्टमधील मासळी बाजाराचा अंदाज जुलैतच बांधता येईल. हे ज्ञान कोळणीला असतेच. ते आकड्यांत मांडून मुंबईच्या टेबलावर नेणारी व्यवस्था तेवढी नाही.

'एवढ्याशा धंद्याचा अंदाज घेऊन करायचे काय?' हा वर राहिलेला आक्षेप. त्याचे उत्तर पेणने २०२५ मध्येच दिले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींसंबंधी निर्बंध घातले होते. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची काटेकोर अंमलबजावणी करण्याचा आदेश दिला. पुढे तज्ज्ञ समिती नेमली गेली, तिचा अहवाल आला आणि ९ जून रोजी न्यायालयाने मूर्ती घडविण्यास अनुमती देऊन विसर्जनावर अटी घातल्या. शाडू योग्य की प्लॅस्टर, पर्यावरण श्रेष्ठ की पोट, या वादात आम्ही येथे शिरत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आम्ही फक्त तारखा पाहायला सांगतो. ३० जानेवारी ते ९ जून! पावसाळ्याआधी मूर्ती साच्यातून काढून उन्हात वाळवण्याचा सगळा हंगाम याच काळात असतो. परगावचे व्यापारी कच्च्या मूर्ती उचलतात तेही याच काळात, आणि समुद्रमार्गे परदेशी जाणाऱ्या मूर्तीही याच सुमारास निघतात. त्या चार महिन्यांत किती मागण्या थांबल्या? किती कारखान्यांनी माणसे कमी केली? किती जणांनी बँकेचे कर्ज उचलून माल आणून ठेवला होता? सरकारने न्यायालयात बाजू मांडताना, बँकांनी हप्ते मागताना, जिल्हा प्रशासनाने बैठका घेताना ही माहिती हाताशी असती तर ती अनेक निवेदनांहून भारी ठरली असती. परंतु राष्ट्रीय पातळीवरील एकाही पाहणीच्या कोष्टकात पेणसाठी वेगळी ओळ नाही. ऑगस्टचा ५९.३ हा उच्चांक जाहीर झाला तेव्हा या चार महिन्यांचा त्यात मागमूसही नव्हता.

आणि ज्याला विचारले जात नाही, त्याला सरकारी मदतही वेळेवर मिळत नाही. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचा वार्षिक पतपुरवठा आराखडा आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी ठरतो. जिल्हा वार्षिक योजनाही तशीच. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे जिल्हा कार्यालय 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' प्रसिद्ध करते. ते परिश्रमाने सिद्ध केलेले असते हे आम्ही मान्य करतो, परंतु ते होऊन गेलेल्या गोष्टींचे समालोचन आहे. मोटार चालवणाऱ्याने पुढच्या काचेवर पडदा ओढून मागचे दाखवणाऱ्या आरशाकडेच पाहत घाट उतरावा, तसा आपल्या जिल्ह्यांचा कारभार चालतो.

या सगळ्यातील सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की देशाच्या उद्योगधंद्याचा दरमहा पहिला अंदाज एक परदेशी कंपनी तयार करते आणि त्यावर दुसऱ्या परदेशी संस्थेचे नाव असते. कधी एचएसबीसी, कधी जपानची निक्केई, नंतर पुन्हा एचएसबीसी. मग अर्थमंत्रालयाच्या अहवालांत तोच आकडा मानाने उद्धृत होतो. काही स्वदेशीवादी मित्र यात कारस्थान पाहतात. आम्हाला तसे वाटत नाही, आणि असे बोलून आपण आपला आळस झाकतो असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या कंपनीने चारशे जणांना महिनोन्महिने उत्तरे देण्याची सवय लावली, गुप्तता पाळली आणि ठरल्या दिवशी आकडा दिला. दोष तिचा नाही. ज्या देशात ७ कोटी व्यवसाय आहेत, त्या देशाने स्वतःच्या माणसांना विचारण्याची तसदी घेतली नाही, हा दोष आहे. जपानची मध्यवर्ती बँक आपल्या 'तान्कान' पाहणीत मोठे, मध्यम आणि लहान उद्योग वेगवेगळ्या कोष्टकांत मांडते, त्यामुळे मोठ्यांचा आनंद लहानांच्या चिंतेला झाकू शकत नाही. अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह वर्षातून आठ वेळा आपल्या बारा विभागांतून स्थानिक व्यावसायिकांचे म्हणणे गोळा करून प्रसिद्ध करते. बांक द फ्रान्सच्या प्रादेशिक शाखा दरमहा आपापल्या भागातील उद्योगांशी बोलतात. आपली रिझर्व्ह बँक तर मुंबईत, बंदराच्या एका काठावर उभी आहे आणि दुसऱ्या काठावर उरण आहे! भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट तासाभरात पोहोचते. १२ जानेवारी २०२४ पासून अटल सेतूही झाला. अंतर आता उरले कोठे?

आणि सर्वेक्षणाची ही विद्या आपल्याला परकी तरी कोठे आहे! रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख याच जिल्ह्याचे. महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये त्यांचा जन्म झाला आणि रोहा ही त्यांची कर्मभूमीइतकीच लाडकी भूमी होती. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेला हा विद्वान भारतीय सांख्यिकी संस्थेचाही अनेक वर्षे अध्यक्ष होता. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळांनी पुण्याचा फळबाजार, वाई तालुक्यातील शेतीव्यवसाय आणि पुढे पुणे शहराचे आर्थिक जीवन, हे सारे दारोदार माणसे पाठवून तपासले. संगणक नव्हते, दूरध्वनी दुर्मिळ होते. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याच्या मराठा चेंबरनेही आपल्या परिसरातील कंपन्यांना उत्पादन किती सुरू झाले, माणसे किती परतली, असे वरचेवर विचारून निष्कर्ष प्रसिद्ध केले. जे पुण्याला साधले ते अलिबागला साधू नये असे काही नाही.

एक आक्षेप खरोखर गंभीर आहे. उत्तरावर मदत अवलंबून आहे असे कळले की प्रत्येक जण 'मंदी आहे' असेच सांगेल. पैसेवारी कमी लागावी म्हणून गावागावांत काय दबाव येतात हे कोणाला ठाऊक नाही? उलट मोठ्या कंपन्यांची खोड अशी की पुढच्या तिमाहीविषयी त्या नेहमीच प्रत्यक्षापेक्षा अधिक आशावादी असतात. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत 'अपेक्षा' बहुधा 'अनुभवा'च्या वर राहते, ती उगीच नव्हे. यावर उपाय म्हणजे पाहणी महसूल खात्याच्या हाती न देणे. अलिबाग, पेण, श्रीवर्धन, मुरूड येथील महाविद्यालयांच्या वाणिज्य आणि अर्थशास्त्र विभागांनी ती करावी, जिल्हा उद्योग केंद्राने यादी पुरवावी आणि मच्छीमार सोसायट्यांनी व मूर्तिकारांच्या संघटनांनी आपल्या सभासदांना विश्वासात घ्यावे. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्यानुसार व्यक्तिगत माहिती गुप्त ठेवण्याची हमी देता येते. आणि उत्तरे पडताळायला बर्फ आहे, डिझेल आहे, मूर्तींची वाहतूक आहे. सगळेच जण मंदी सांगत असतील आणि बर्फाचे कारखाने रात्रंदिवस चालू असतील, तर खोटे उघडे पडायला वेळ लागणार नाही.

दुसरा एक धोका आम्हीच सांगून ठेवतो. शंभर-दीडशे जणांच्या पाहणीतून निघालेला आकडा पहिली दोन-तीन वर्षे डुगडुगताच असणार. आज ५८, उद्या ४३. त्यावरून कोणी मोठ्या घोषणा करू नयेत. मालिकेला पाच-सहा हंगाम दिसले पाहिजेत. एखादे निसर्गसारखे वादळ, एखादा अधिक मास, एखादा न्यायालयीन आदेश तिच्यातून जाऊन आला की तिच्या बोलण्याला अर्थ येईल. तोवर ती मुकाट्याने चालवण्याचा धीर लागेल. उद्घाटनाची हौस असलेल्यांचे हे काम नव्हे.

परदेशी जाणाऱ्या मूर्तींच्या मागण्या पेणमध्ये दिवाळीनंतर येऊ लागतात, म्हणून पहिली फेरी कार्तिकात घ्यावी. दुसरी माघी गणपतीनंतर, तिसरी मासेमारी बंद होण्याच्या तोंडावर आणि चौथी नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात, मग ती कोणत्याही इंग्रजी महिन्यात पडो. मूर्तिकाराला तीनच प्रश्न विचारावेत: मागण्या गतवर्षीच्या याच तिथीपर्यंत आल्या होत्या त्यापेक्षा अधिक, तेवढ्याच की कमी? कामावर माणसे किती ठेवणार, वाढवून, तेवढीच की कमी करून? व्यापाऱ्याकडून उचल मिळाली का, आणि गतवर्षीपेक्षा लवकर, वेळेवर की उशिरा? नाखव्याला विचारावे की बोट केव्हा लोटणार, खलाशी पुरेसे मिळाले का, आणि गेल्या हंगामाचे डिझेलचे देणे फिटले की नाही. श्रीवर्धनच्या वाडीवाल्याला विचारावे की वादळानंतर लावलेल्या पोफळींपैकी किती झाडांनी फळ धरले.